जुन्या मारुती ८०० मध्ये नवीन स्टिरिओ बसवला, आता बॅटरी उतरतेय आणि कुंईं आवाज येतोय

सातारारोड · शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय. बाबांची २००४ची मारुती ८०० आहे, एसीवाली. त्यांनी पै पै साठवून घेतलेली एकुलती एक गाडी, अजून मंडईला आणि देवळात तीच नेतात. त्यातला कॅसेटचा टेप दोन वर्षांपूर्वी गेला, आधी गाणी रडकी वाजायला लागली आणि मग एक दिवस कॅसेट गिळून बसला. आता बाबांच्या पंच्याहत्तरीला म्हणून मी नवीन सिंगल डिन (म्हणजे एका खणाच्या मापाचा) स्टिरिओ घेतला, ब्लूटूथ आणि यूएसबीवाला, सीडी नसलेला, त्यामुळे मागून आखूड आहे. बसवून घेतला एका अॅक्सेसरीजच्या दुकानात. पोरगा चटपटीत होता, वीस मिनिटांत काम संपवलं, जुना कपलर (वायरी जोडणारा प्लग) कटरने कापला, वायरी एकमेकींना पिळल्या, वरून टेप गुंडाळली आणि ढकलला आत.

आता त्रास असा की गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो, बॅटरी जेमतेम दीड वर्षाची आहे. इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक कुंईं येतं, अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. आणि मागच्या पार्सल ट्रेवरच्या दोन्ही ओव्हलमधून आवाज येतो पण बेस पार गायब, याच स्पीकरवर जुन्या टेपला ढोलकी अशी वाजायची की मागची काच थरथरायची.

दुकानात परत गेलो तर म्हणाले जुनी गाडी आहे साहेब, होणारच, बॅटरी बदलून घ्या. वर डॅशबोर्ड थोडा कापून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन टाकून देतो म्हणाले. ते बाबांच्या कानावरही घातलेलं नाही मी.

मल्टिमीटर आहे, उद्या रविवार मोकळा आहे. कुठून सुरुवात करू?

वायरमनकाका · शनिवार, रात्री ११.२५

गाडी जुनी आहे म्हणून असं होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. ८०० ची वायरिंग इतकी साधी आहे की त्यात स्टिरिओ नीट वाजायलाच हवा. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, तुमचे तिन्ही त्रास तीन वेगवेगळ्या वायरींचे आहेत, एक एक घेऊ.

पहिली बॅटरी. नवीन स्टिरिओला दोन प्लस लागतात. पिवळी वायर कायमच्या करंटची, तिच्यावर घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं टिकतात. लाल वायर किल्लीवरची, किल्ली एसीसीवर (इंजिन चालू व्हायच्या आधीचा टप्पा) आली की तिच्यात करंट यायला पाहिजे आणि किल्ली काढली की जायला पाहिजे, सेट चालू-बंद होतो तो तिच्या इशाऱ्यावर. काळी अर्थिंगची. घाईत काम करणारे पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायमच्या करंटला देतात, कारण किल्लीवरची वायर शोधायला पाच मिनिटं जातात. मग तुम्ही बटण दाबून सेट बंद केला तरी तो आतून जागाच राहतो. किल्ली काढून बघा, बटण दाबल्यावर सेट चालू होतो का? होत असेल तर हाच प्रकार.

आता मोजायचं कसं. किल्ली काढा, बॅटरीची मायनस थिंबल सोडा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोडलेल्या केबलला. मीटर जोडलेलं असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दहा मिनिटं थांबा आणि आकडा इथे लिहा. ०.०२ ते ०.०३ च्या आसपास असेल तर ठीक.

आणि मुलाने फ्यूज कुठला टाकलाय ते बघा. सेटच्या मागे बहुतेक १० किंवा १५ चा येतो. तेवढाच ठेवायचा, उडतोय म्हणून ३० चा टाकला की मग फ्यूजऐवजी वायर जळते.

दवबिंदू · रविवार, सकाळी ७.५०

काका किती छान समजावलंत. सातारारोड, डॅशबोर्ड कापू नका ही हात जोडून विनंती. माझ्या भावाने झेनचा कापला, त्यात स्क्रीन बसली, तीन वर्षांत स्क्रीनचा टच गेला, आणि आता त्या भगदाडात दुसरं काही बसत नाही. जुना डॅशबोर्ड शोधायला नाना पेठ पालथी घातली, मिळाला तो चिरलेला आणि वेगळ्या रंगाचा.

घाटमाथा · रविवार, सकाळी ८.३०

मी थोडं वेगळं म्हणेन. मोठ्या स्क्रीनवर मॅप दिसतो, रिव्हर्स कॅमेरा लावता येतो, वय झालेल्या माणसाला गाडी मागे घेताना मान वळवायला नको, हा फायदा खरा आहे. माझ्या सासऱ्यांना फार उपयोग झाला. पण हे ज्या गाडीत डबल डिनची जागा आहे तिथे. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल म्हणजे १८० बाय १००, रुंदी तीच, उंची दुप्पट. ८०० ला जागा एकाचीच. कॅमेराच हवा असेल तर आरशावर चढणारी स्क्रीन मिळते, मूळ आरशावर क्लिप होते, काही कापावं लागत नाही.

डिन हे नाव जर्मन मानक संस्थेचं. त्या मापाचं मला फार कौतुक वाटतं, बाबांचा कॅसेट टेप ज्या चौकोनात होता त्याच चौकोनात आजचा ब्लूटूथ सेट बसतो, मध्ये किती काय बदललं.

सातारारोड · रविवार, सकाळी ११.१५

काका, मोजलं. पहिल्यांदा ०.६० आलं, घाबरलोच. मग लक्षात आलं ड्रायव्हरचं दार उघडं होतं आणि छतातला दिवा चालू होता. दार लावून, खिडकीतून मीटर बघत दहा मिनिटं थांबलो, आकडा ०.१८ वर स्थिर. आणि हो, किल्ली हातात असताना सेटचं बटण दाबलं तर चालू झाला!

सेट बाहेर काढला. काळी टेप उन्हाने वितळून गुळासारखी झालेली, बोटांना चिकटत होती. तिच्याखाली पिवळी, लाल आणि गाडीची एक वायर, तिन्ही एकत्र पिळलेल्या. तुम्ही न बघता सांगितलंत.

वायरमनकाका · रविवार, सकाळी ११.४०

०.१८ गुणिले २४, म्हणजे दिवसाला साधारण ४.३ अँपिअर-तास. ८०० ला बॅटरी ३५ ची असते. सहा दिवसांत २६ गेले, उरलं त्यात सेल्फ कुठून फिरणार? बॅटरी चांगली आहे तुमची, बदलू नका. मात्र अशी वरचेवर पूर्ण उतरली तर खरंच खराब होईल, म्हणून आजच एकदा बाहेरून चार्ज करून घ्या.

आता कापलेल्या जुन्या कपलरमागच्या सगळ्या वायरी मोकळ्या करा, एकमेकींना चिकटू देऊ नका. मीटर व्होल्टवर घ्या, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला. किल्ली काढून ज्या वायरीवर १२ येईल ती पिवळीला. किल्ली एसीसीवर टाकल्यावर जिच्यावर नव्याने १२ येईल ती लालला. हेडलाइट लावल्यावर जिच्यावर येईल ती दिव्याची, सेटला नारिंगी वायर असेल तर तिला, म्हणजे रात्री डिस्प्ले मंद होतो आणि बाबांच्या डोळ्यांना त्रास होत नाही. रंगांवर जाऊ नका, गाडीतल्या वायरीचे रंग आणि सेटच्या वायरीचे रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो, सेटचे रंग फक्त सेटपुरते.

जॉइंट नुसता पिळू नका. वायर सोलायच्या आधी हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळणारी) नळी एका वायरीत ओवून ठेवा (सगळे नेमकं हेच विसरतात), मग सोल्डर करा, मग नळी जॉइंटवर सरकवून गरम करा. सोल्डरिंग जमत नसेल तर क्रिंपचे थिंबल दाबा, तेही उत्तम. टेप मारायचीच असेल तर कापडी मारा, मे महिन्यात काचा बंद गाडीत ही साधी टेप टिकत नाही.

निळी वायर पॉवर अँटिनासाठी, तुम्हाला नको. पण तिच्यात सेट चालू असताना १२ व्होल्ट येतात, तिचं उघडं टोक बॉडीला लागू देऊ नका.

पद्मिनीवाला · रविवार, दुपारी १.०५

स्पीकरच्या वायरी जोडायच्या आधी कृपया हे वाचा. माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत मी एक चांगला सेट जाळलाय, तेही अशाच उत्साहाच्या भरात.

जुन्या काळी बऱ्याच गाड्यांत स्पीकरला एकच वायर यायची, दुसरं टोक सरळ बॉडीला. जुने टेप तसेच असायचे, त्यांचं स्पीकरचं मायनस म्हणजे बॉडीच. नवीन सेटचं तसं नाही. त्यात प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी आतला आयसी (अॅम्प्लिफायरची चिप) चालवतो आणि दोन्हीवर सहा-सात व्होल्ट असतात. मायनस म्हणून तुम्ही ती बॉडीला दिली की थेट शॉर्ट. माझा सेट दोन मिनिटं वाजला, मग वास आला, मग शांत. आत प्रोटेक्शन असतं म्हणतात, माझ्यात होतं की नाही काय माहीत, पण त्या दिवसानंतर वाजला नाही तो.

तपासणं सोपं आहे. सेट सोडून ठेवा, मीटर ओहमवर, स्पीकरच्या एकेका वायरीपासून बॉडीपर्यंत मोजा. कुठेच वाचन यायला नको. आलं तर ती वायर बॉडीला लागलेली आहे, मग स्पीकरपर्यंत नव्या दोन-दोन वायरी ओढायच्या, दुसरा उपाय नाही. पार्सल ट्रेच्या पत्र्यावर ओव्हल बसवताना मागचं टर्मिनल पत्र्याला टेकलेलंही मी पाहिलंय.

मी नंतर पद्मिनीत चारही बाजूंना नव्या वायरी टाकल्या. सेट आता ग्लव्हबॉक्समध्ये आहे, डॅशबोर्डवर वडिलांच्या वेळचा जुना रेडिओ तसाच, बंद असला तरी जागेवर.

दवबिंदू · रविवार, दुपारी १.३०

पद्मिनीवाला, जुना रेडिओ जागेवर ठेवलात ते वाचून फार बरं वाटलं.

राईनकाठ · रविवार, दुपारी २.१०

जर्मनीतून लिहितोय, मूळचा कोल्हापूरचा. इथे माझ्याकडे २००१ची गोल्फ आहे. इकडच्या गाड्यांना मागे आयएसओ कपलर असतो, एक पॉवरचा, एक स्पीकरचा, त्यामुळे कापाकापी लागत नाही, अडॅप्टर लावला की टक. पण फोक्सवॅगनमध्ये कायमच्या करंटची आणि किल्लीवरची पिन उलटसुलट असते, चौथी आणि सातवी. मला ते माहीत नव्हतं. माझा त्रास तुमच्या उलटा, बॅटरी ठणठणीत पण किल्ली काढली की सेट सगळं विसरायचा, घड्याळ, स्टेशनं, फोनची जोडणी, रोज सकाळी नव्याने ओळख. पिवळी आणि लाल वायर एकमेकींच्या जागी लावली आणि संपलं. अडॅप्टरमध्ये त्यासाठी बुलेट कनेक्टर दिलेलेच असतात, ते कशाला आहेत हे तेव्हा कळलं.

दुसरं, या गाडीच्या छतावरच्या अँटिनात अॅम्प्लिफायर असतो, त्याला अँटिनाच्या वायरीतूनच १२ व्होल्ट लागतात. मूळ रेडिओ ते द्यायचा, नवीन सेट देत नाही. मधे एक छोटा फीडर लावून त्याची वायर सेटच्या निळीला दिली तेव्हा स्टेशनं आली. तुमच्याकडे जुन्या ८०० ला साधी ओढायची दांडी, तिला यातलं काही नको.

युरोपातला पहिला कार रेडिओ १९३२ सालचा, ब्लाउपुंक्टचा. तेव्हा तो सेट इतका मोठा होता की ड्रायव्हरपाशी ठेवता येत नव्हता, स्टिअरिंगच्या खांबावर फक्त रिमोट असायचा. हे इथे आल्यावर कळलं, तेव्हापासून जुन्या सेटची आवडच लागली.

सातारारोड · रविवार, संध्याकाळी ५.५५

आधी आनंदाची बातमी, पिवळी-लाल वेगळी झाली, किल्ली काढल्यावर मीटरवर ०.०२. चारही जॉइंट सोल्डर केले, पहिल्या जॉइंटला नळी ओवायला विसरलो, काकांनी सांगूनसुद्धा. पद्मिनीवाला, सगळ्या वायरी बॉडीपासून मोकळ्या आहेत, धन्यवाद, तुमच्यामुळे न मोजता पुढे गेलो नाही.

पण कुंईं आहे तसंच. आणि बेस नाही.

वायरमनकाका · रविवार, संध्याकाळी ६.२०

बेसचं आधी, ते पाच मिनिटांचं आहे. एका स्पीकरला प्लस-मायनस उलट लागलंय. मग एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. सेटकडून हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती मायनस. गाडीकडची कुठली हे शोधायला साधा पेन्सिल सेल घ्या. सेटपासून सोडलेल्या स्पीकरच्या दोन वायरी सेलला क्षणभर टेकवा आणि डिकी उघडून कोणाला तरी पडद्याकडे बघायला सांगा. पडदा बाहेर उडाला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. आत गेला तर उलट. नुसतं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही.

आता कुंईं. तो आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा आवाज आहे. सांगा, व्हॉल्यूम शून्य केला तरी येतो का? आणि फक्त एफएमवर की ब्लूटूथवर पण? फोन चार्जिंगला लावलेला असताना की नसतानाही? काळी वायर नेमकी कुठे आवळलीय?

सातारारोड · रविवार, संध्याकाळी ७.४०

बाबाच डिकीपाशी उभे राहिले. मी सेल टेकवायचो आणि ते ओरडायचे "बाहेर!" डावा बाहेर, उजवा आत. उजव्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि ढोलकी परत आली. बाबा म्हणाले आता कसं गाडीसारखं वाजतंय.

कुंईं व्हॉल्यूम शून्यावरही येतं, एफएम आणि ब्लूटूथ दोन्हीवर, फोन चार्जिंगला नसताना पण. काळी वायर सेटच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीच्या स्क्रूला आवळलीय, तो स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातो असं वाटतंय.

वायरमनकाका · रविवार, रात्री ८.०५

मग अर्थिंगच. शून्य व्हॉल्यूमला येतंय म्हणजे फोनचा, अँटिनाचा दोष नाही, सेटला मायनस नीट मिळत नाही. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मीटर व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि एक सेटच्या पत्र्यावर. ०.१ च्या आत यायला हवं.

काळी वायर डॅशबोर्डच्या खाली बॉडीच्या पत्र्यावर न्या, रंग खरवडा, पांढरा पत्रा दिसला पाहिजे, रिंग थिंबल लावून बोल्टने आवळा, वरून थोडं ग्रीस. आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या मायनसची केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे लागते ते दोन्ही बोल्ट सोडून साफ करा. वीस वर्षांचा गंज असतो तिथे, कोणी कधी बघत नाही. हे केल्याने सेल्फ पण जोरात फिरेल, हेडलाइट पण उजळेल.

तपकीरगल्ली · रविवार, रात्री ९.३०

काकांनी सांगितलंय ते करायच्या आधी नॉइज फिल्टर विकत घेऊ नका. आमच्या गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, रोज दोन-तीन जण येतात फिल्टर मागायला, मी आधी अर्थिंग बघून या म्हणतो.

डब्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं त्यावरून मोठे स्पीकर घ्यायला पळू नका. गाडीच्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला विकृती न होता जास्तीत जास्त २६ वॉटपर्यंत निघू शकतात, तो गणिताचाच शेवट आहे, प्रत्यक्षात वीसच्या आसपास धरा. घरच्या गाडीला ते भरपूर होतात.

आणि कोणी स्क्रॅपमधला जपानी सेट स्वस्तात देत असेल तर एफएम बघून घ्या. जुने जपानी सेट ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतात, आपल्या पुण्याचं विविध भारती १०१ वर, लागणारच नाही. अमेरिकेहून आणलेल्यात मिडीयम वेव्ह दहा-दहाने पुढे सरकतं आणि आपली स्टेशनं नऊच्या पटीत, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर आहे, तो सेट ५५० वरून ५६० वर उडी मारतो. काही सेटमध्ये एरिया बदलायची सोय असते, घेण्याआधी तपासा.

सातारारोड · पुढचा शनिवार, रात्री ९.१५

उशिरा लिहितोय, आठवडाभर ऑफिस होतं. आज केलं. आधी मोजलं तर ०.४ व्होल्ट. काळी वायर पायापाशी बॉडीच्या बोल्टला नेली, रंग खरवडला. इंजिनच्या बाजूचा बोल्ट सोडला तर खाली हिरवी-पांढरी पूड, केबलच्या थिंबलखाली पत्रा दिसतच नव्हता. सँडपेपरने घासला, आवळला. आता ०.०४. इंजिन चालू केलं, व्हॉल्यूम शून्य, अॅक्सिलरेटर दाबला, काही नाही. पुन्हा दाबला. नुसतं इंजिन ऐकू येतं. गाडी आठवडाभर उभी होती तरी पहिल्या सेल्फला लागली, हे तर सांगायचंच राहिलं.

आणखी एक काम केलं ते इथे सांगावंसं वाटतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी १९८९ मध्ये एका कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. त्या गाडीत लागायच्या, टेप बंद पडल्यापासून कोणी ऐकल्या नव्हत्या. मित्राकडच्या चालू डेकवरून त्या लॅपटॉपमध्ये घेतल्या. आवाज घुमा येत होता, त्याने हेडपाशी एक छोटा स्क्रू आहे तो कानाने ऐकत अगदी पाव फेरा फिरवला आणि आजीचा आवाज एकदम समोर आला, मागे जात्याची घरघरसुद्धा. मग एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकल्या. पहिला पेनड्राइव्ह सेटने वाचलाच नाही, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केल्यावर वाचला.

संध्याकाळी बाबांना काही न सांगता मंडईच्या रस्त्याला लावल्या. बाबांनी हात पुढे करून ब्लोअर बंद केला, काच वर घेतली, आणि मंडई मागे टाकून गाडी तशीच वाढे फाट्याकडे नेली. दोन्ही बाजू संपेपर्यंत आम्ही परत फिरलो नाही.

दवबिंदू · शनिवार, रात्री ९.४०

वाचताना डोळे भरून आले हो. ती फाईल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा.

वायरमनकाका · शनिवार, रात्री १०.१०

फार छान काम केलंत. सेटच्या मागच्या टोकाला पट्टीचा आधार द्यायला विसरू नका, नाहीतर खड्ड्यांत पुढच्या फ्रेमवर सगळा भार येतो.

सातारारोड · शनिवार, रात्री १०.२५

पट्टी उद्या लावतो काका. बाबा म्हणतायत ओव्या पुढूनही ऐकू यायला हव्यात, दारात चार इंची बसवायचेत. काच पूर्ण खाली घेऊन मोजलं तर पत्र्यापासून काचेपर्यंत जेमतेम ४५ मिलिमीटर जागा आहे. कोणी बसवलेत का, आणि मॅग्नेट किती खोलीचं चाललं?